राणीचा बाग: प्रथमच जाणाऱ्यांसाठी

राणीच्या बागेत शाळा सहल नेते, पण बाग पाहायचा कसा हे काही शाळा शिकवत नाही. आमची सहल तिसरीत गेली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून दोन-दोनच्या रांगेत आम्ही सगळा बाग पायाखाली घातला, आणि माझ्या लक्षात राहिला तो पुढच्या मुलाच्या मानेवरचा तीळ. त्यानंतर भाचा, शेजाऱ्यांची मुलं, गावाहून आलेले पाहुणे अशा नाना निमित्तांनी मी इतक्या वेळा तिथे गेलो, की या विषयात माझा थोडाफार अधिकार आहे असं मला वाटू लागलं आहे. घरच्यांना तो रिकामटेकडेपणा वाटतो. तरीही नवशिक्यांच्या सोयीसाठी हे चार पाठ लिहून ठेवतो. चारच होतील असं नाही.

पाठ पहिला: नाव

पहिली अडचण लिंगाची. 'राणीचा बाग' म्हणणारा माणूस जुना मुंबईकर, 'राणीची बाग' म्हणणारा त्यानंतरचा, 'राणीबाग' म्हणणारा बसचा कंडक्टर, आणि 'झू' म्हणणारा हल्लीच टॉवरमध्ये राहायला गेलेला. मराठीत 'बाग' दोन्ही लिंगांत चालतो, त्यामुळे यावरून भांडू नये. गंमत अशी की बाहेर उभा असताना 'राणीचा बाग' म्हणणारा पक्का मुंबईकरसुद्धा फाटकातून आत शिरला की 'बागेत' जातो. 'बागात' गेलेला एकही मला अजून भेटलेला नाही.

ही राणी म्हणजे व्हिक्टोरिया. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी-उद्यान संस्थेची आधीची बाग शिवडीला होती. भायखळ्याला नवी जागा मिळाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते 'व्हिक्टोरिया गार्डन्स' उघडली. शिवडीच्या बागेच्या जागेवर पुढे ख्रिस्ती दफनभूमी झाली. राणी स्वतः हिंदुस्थानात कधी आलीच नाही, म्हणजे राणीचा बाग राणीनेही पाहिलेला नाही. तेव्हा नवशिक्यांनी कमीपणा मानण्याचं कारण नाही.

आजचं अधिकृत नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. एवढं नाव एका दमात घेणारा माणूस महापालिकेच्या नोकरीत असतो. त्यातला शब्दांचा क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी वनस्पती, मग प्राणी. पुढे उपयोगी पडेल.

पाठ दुसरा: वार

बुधवारी जाऊ नका. बुधवारी बाग बंद असतो.

हा पाठ इतका लहान आहे की तो कोणी वाचतच नाही. मीही वाचला नव्हता. भाच्याची परीक्षा मंगळवारी संपली, म्हणून बुधवारी सकाळी दोघेही नटून फाटकाशी हजर. रखवालदाराने आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीवही नव्हती. वर्षानुवर्षं दर बुधवारी हेच पाहणाऱ्या माणसाची ती नजर होती. "आज बुधवार," एवढंच तो म्हणाला. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय तरी पाहू म्हटलं, तर तेही बुधवारीच बंद. शेवटी भाच्याला भायखळा स्टेशनच दाखवलं. ते पाहण्यासारखं आहे. देशातल्या सगळ्यात जुन्या स्टेशनांपैकी एक, आणि अलीकडेच झालेल्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला आहे. पण वाघ पाहायला निघालेल्या सहा वर्षांच्या मुलाला दगडी बांधकामातलं सौंदर्य पटवून देण्यासाठी जी वक्तृत्वशक्ती लागते, ती माझ्यात नाही.

सार्वजनिक सुट्टी बुधवारी आली तर त्या दिवशी बाग उघडा असतो आणि दुसऱ्या दिवशी बंद. हे पोटकलम प्रगत विद्यार्थ्यांसाठी.

पाठ तिसरा: जाणं आणि आत शिरणं

मध्य रेल्वेने भायखळ्याला उतरावं आणि पूर्वेला बाहेर पडावं. पश्चिमेला बाहेर पडलात तर भाजीबाजारात शिराल, आणि बाग राहील बाजूला, मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी परताल. पूर्वेकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने चालत गेलं तरी जमतं. टॅक्सीवाल्याला विचारून पाहायला हरकत नाही. एवढ्या जवळच्या भाड्याला तो मान कशी हलवतो, हेही पाहण्यासारखं असतं.

तिकिटाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलू नये. मोठ्यांना पाच रुपये आणि मुलांना दोन रुपये हा दर त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. २०१७ साली तो मोठ्यांना पन्नास आणि लहानांना पंचवीस झाला, आणि आईबाप व दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाला शंभर. चौकोनात आत्या धरत नाहीत. आमच्या आत्याने खिडकीवर हा मुद्दा बराच वेळ लावून धरला होता, आणि मागच्या रांगेतून तिला पाठिंबाही मिळाला होता.

कपडे सुती. छत्री बारा महिने: चार महिने पावसासाठी, आठ महिने उन्हासाठी. ऑक्टोबरात जायचंच असेल तर पाणी न्या. मुंबईचा ऑक्टोबर हा पावसाळ्याने जाता जाता उगवलेला सूड आहे. अंगातून घामाच्या धारा लागतात आणि हवा इतकी दमट असते की तो घाम वाळत नाही. प्राण्यांनाही हे समजतं. त्याचा परिणाम पुढच्या पाठात दिसेल.

पाठ चौथा: प्राणी

नवशिका माणूस प्राणी पाहायला येतो. ही चूक नाही, सुरुवात आहे.

पहिल्यांदा सगळी गर्दी पेंग्विनकडे जाते, तर तुम्हीही जा. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, आणि मार्च २०१७ मध्ये ते लोकांना दाखवायला सुरुवात झाली. रांगेत तुमच्या मागचे गृहस्थ मुलाला सांगत असतील की हे बर्फात राहतात. तोंड उघडू नका. हम्बोल्ट पेंग्विन दक्षिण ध्रुवाचे नव्हेत. पेरू आणि चिलीच्या रखरखीत किनाऱ्यावरचे आहेत, आणि तिथून वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहाचं नाव त्यांना मिळालंय. बर्फ त्यांनी पाहिलेला नसतो, पण मुंबईचा मेही त्यांना झेपणारा नाही. म्हणून त्यांचं दालन सोळा ते अठरा अंशांवर ठेवतात. दालनात पाऊल टाकताच प्रत्येक मुंबईकराच्या तोंडून "आहाहा" निघतं. तो पेंग्विन पाहून निघतो असं समजू नये. गर्दी का हटत नाही याचं खरं उत्तर तेच आहे. "पुढे चला, पुढे चला" म्हणणाऱ्या रखवालदारालाही हे ठाऊक आहे, आणि अख्ख्या बागेत सगळ्यात चांगली जागा त्याला मिळालेली आहे.

इथे जन्मलेल्या पिल्लांची नावं इंग्रजी का, मराठी का नाहीत, यावरून २०२५ साली आंदोलनही झालं. पिल्लांना मासे वेळेवर मिळत होते, त्यांनी कोणतीच बाजू घेतली नाही.

पाणघोड्याला भेटायला घाई करू नका, कारण तोही करत नाही. डबक्यात दोन कान, दोन डोळे आणि दोन नाकपुड्या एवढाच ऐवज दिसतो. बाकीचा हजार-दीड हजार किलोंचा माल पाण्याखाली. भाच्याने बराच वेळ पाहून विचारलं, "मामा, हा मेला का?" मी म्हटलं, "नाही रे, झोपलाय." "मग उठव ना त्याला." शेजारच्या कुटुंबातल्या आजोबांनी लगेच शिट्टी घातली. एक कान हलला. तेवढ्यावर सगळे खूश झाले आणि आजोबांना त्या घरात दिवसभर मान मिळाला.

वाघांच्या बाबतीत काचेसमोर उभं राहून श्रद्धा बाळगायची. शक्ती आणि करिश्मा ही जोडी २०२० साली औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आणली. पुढच्याच वर्षी त्यांना बछडी झाली, तिचं नाव वीरा. नव्या पद्धतीच्या या मोठ्या वाड्यांमध्ये झाडं आहेत, पाणी आहे, सावली आहे, आणि ज्याला डोकं आहे असा कोणताही प्राणी दुपारी बारा वाजता सावलीतच पडतो. काचेबाहेर उन्हात उभं राहून त्याच्यावर रागावणाऱ्या प्राण्याबद्दल मी काही बोलत नाही, मीही त्यातलाच. वाघ खरोखर पाहायचा असेल तर सकाळी बाग उघडताच आत शिरा. साडेअकरानंतर आलेल्याने शेपटीचं टोक दिसलं तरी समाधान मानावं.

इथे एक माणूस हटकून भेटेल. त्याला मी माहीतगार बाबा म्हणतो. तो कोणाचा तरी बाबा असतो, पण माहिती सगळ्यांच्या मुलांना देतो. अंगावर ठिपके असलेला प्रत्येक प्राणी त्याच्या मते चित्ता. बिबट्याच्या वाड्यासमोर मी एकदा धीर करून म्हटलं, "हा बिबट्या आहे." तो म्हणाला, "तेच ते." तेच ते नाही. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं, आणि २०२२ साली नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले. बिबट्या मात्र मुंबईकरच आहे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मोकळा राहतो, आणि रात्री गोरेगावच्या इमारतींच्या कंपाउंडमध्ये कॅमेऱ्यात येऊन जातो. तिकीट काढून तो झोपलेला दिसतो, फुकट पाहायचा झाला तर तो जागा असतो. काय हवं ते ज्याने त्याने ठरवावं.

काच ठोकू नये, खडा मारू नये, खायला टाकू नये. हे पाटीवरही लिहिलेलं आहे. पाटीखाली उभं राहून वेफर टाकणारे पाहिले, की वाचनाची आवड कमी होत चालली आहे ही तक्रार खरी वाटू लागते.

पाठ पाचवा: हमखास दिसणारे प्राणी

वरच्या पाठाने निराश झालेल्यांसाठी दोन प्राणी राखून ठेवले आहेत. हे कधी झोपत नाहीत, बिळात जात नाहीत, पाण्याखाली बसत नाहीत.

पहिला हत्ती. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, अखंड काळ्या दगडातला. हा मूळचा घारापुरीचा, आणि पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं ते याच्याचवरून. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आले, आणि १९१४ साली जोडून त्याला पुन्हा उभं केलं. ब्रिटिशांनी न्यायला काढलेली आणि तरी इथेच राहिलेली वस्तू विरळा. त्या तुटलेल्या साखळीची एक कडी तरी जपून ठेवायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

दुसरा घोडा. फोर्टातल्या काळा घोडा चौकाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो हाच. पाठीवर सातवा एडवर्ड. १९६५ साली त्याला तिथून काढून इकडे पाठवला, पण चौकाचं नाव निघालं नाही. बावन्न वर्षं तो चौक घोड्याशिवाय काळा घोडा म्हणून चालला. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, स्वार नसलेला. तेव्हा काळा घोडा उत्सवाला जाऊन आलेल्या माणसाने खरा काळा घोडा पाहिलेलाच नसतो. हे वाक्य जेवणाच्या पंगतीत टाकायला बरं.

संग्रहालयात शिरायला वेळ ठेवा. १८७२ साली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून उघडलं, आणि शंभरेक वर्षांनी त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, प्राचीन शिलालेख वाचणारे पंडित, आणि कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग करणारे. म्हणजे झाडांशी त्यांचंही नातं होतंच. तिथला उंच हिरवा-सोनेरी दिवाणखाना पाहून आमची आत्या म्हणाली, "एवढं घर आणि राहायला कोणी नाही." मुंबईत जागेकडे बघण्याची ही एकच रीत आहे.

पाठ सहावा: झाडं

नावातल्या शब्दांचा क्रम लक्षात ठेवा म्हटलं होतं ते इथे लागतं. बाग उघडली तेव्हा ती झाडांसाठी होती. जनावरं नंतर आली, आणि मग मालक बाजूला पडून भाडेकरूच्या नावाने घर ओळखलं जावं तसं झालं. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचा मोठा आराखडा निघाला, तेव्हा आधी झाडांचं काय होणार ते सांगा म्हणून नागरिक उभे राहिले. त्यात पुढे होत्या बायका. त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या, लोकांना बागेत फिरवून झाडं दाखवली, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. आज तुम्ही ज्या सावलीत उभे राहून पेंग्विनची रांग कधी संपेल म्हणताय, तिच्यात त्यांचा हिस्सा आहे.

झाडं पाहण्याची कृती सोपी आहे. थांबायचं. बाकी काही करायचं नाही. झाड बिळात जात नाही.

आधी गोरखचिंच गाठा. आफ्रिकेतून फार पूर्वी आपल्या किनाऱ्यावर आलेलं हे झाड. बुंधा असा की चार माणसांनी हात धरून मिठी मारली तरी हात अपुरे पडावेत, आणि फांद्या मात्र त्या मानाने इतक्या किरकोळ, की झाड उलटं लावलंय की काय वाटावं. फुलं पांढरी, मोठाली, खाली लोंबणारी, आणि ती उमलतात रात्री. त्यांच्याकडे वटवाघळं येतात. बाग संध्याकाळी बंद होतो, म्हणजे गोरखचिंचेचं खरं गिऱ्हाईक तिकीट न काढताच येऊन जातं.

ब्रह्मदंडाखाली मुलांना न्या. हाही आफ्रिकेचाच. लांब दोऱ्यांना टांगल्यासारखी हातभर लांबीची, दुधीच्या आकाराची फळं लोंबत असतात. भाचा तिथे जितका वेळ थांबला तितका वाघापाशी थांबला नव्हता. "मामा, यांची भाजी करतात का?" करत नाहीत. पण प्रश्न पाणघोड्याच्या वेळेपेक्षा कितीतरी बरा होता.

वर्षावृक्ष ओळखायला पाटी लागत नाही. मुंबईच्या रस्त्यांवर आडवा पसरलेला छत्रीसारखा दिसतो तोच. संध्याकाळ झाली की तो पानं मिटतो. हे एकदा बाकावर बसून पाहा. बाकावर आधीच एक जोडपं असेल, त्यांच्याकडे पाहू नका. तेही तुमच्याकडे पाहत नाहीत.

उर्वशीसाठी नशीब लागतं. ही ब्रह्मदेशची. लाल-गुलाबी फुलांचे लांब घोस झुंबरासारखे खाली येतात, आणि त्यावर पिवळे ठिपके. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचं नाव लेडी अ‍ॅमहर्स्टवरून ठेवलं. आपल्याकडे कोणीतरी उर्वशी म्हणालं, आणि वाद तिथेच मिटला. मी सात-आठ वेळा चुकलो, एकदा फुललेली सापडली. त्या दिवशी माझ्याबरोबर गावाहून आलेले एक पाहुणे होते. ते घोसाखाली उभे राहिले, मान वर करून बराच वेळ पाहिलं, आणि मग म्हणाले, "वाघ कुठेसा आहे?"

रखवालदारांची शिट्टी वाजू लागली की निघावं. आत येताना रांगेत शिस्तीने उभी राहिलेली कुटुंबं बाहेर पडताना एक चप्पल, एक पाण्याची बाटली आणि एक मूल शोधत असतात. तिन्ही बहुधा पेंग्विनच्या दारात सापडतात.

शेवटची सूचना जिवाची आहे, म्हणून नीट वाचा. दमलात की कैलासपतीच्या झाडाखाली बसावंसं वाटेल. त्याची फुलं खोडालाच लागतात, सुंदर दिसतात, त्यांचा वास दूरवर येतो. आत पिंडी आणि वर नागाचा फणा अशी रचना दिसते म्हणून त्याला हे नाव. पण त्याच खोडाला तोफेच्या गोळ्यांसारखी फळंही लागतात, नारळाएवढी आणि तितकीच टणक, आणि पिकली की ती वरून थेट खाली येतात. खाली पडून फुटली की दुर्गंधी सुटते ती वेगळीच. वाघ काचेमागे आहे, मगर कुंपणामागे आहे. याला पिंजरा नाही. दुसऱ्या झाडाखाली बसा.